पितरांची पायरी



गेली काही वर्षे गावोगाव सेवेला गेलो म्हणजे निरूपणानंतर दोन प्रकारचे गृहस्थ आम्हांस गाठतात. एक असतात ते वंशावळीची गुंडाळी काखेत मारून येतात. कोणीतरी मोठ्या कागदावर झाड काढून दिलेले असते. बुंध्यापाशी मूळपुरुष, फांद्यांवर भाऊबंद, आणि मूळपुरुषाच्याही खाली, मुळांच्या जागी, एखादा चक्रवर्ती राजा! "महाराज, आमचे कूळ पाहा." आम्ही पाहतो. दुसरे असतात ते नेमके उलट. ते म्हणतात, "हरिदासाला कूळ कसले? मेल्याची माती झाली, दगडाला शेंदूर फासून काय मिळणार? ओढ्याकाठचा तो समाध्यांचा माळ सपाट करू, तेथे सभामंडप बांधू, त्यात सप्ताह करू. पुण्यच आहे." दोघेही माळकरी, दोघेही नेमाने वारी करणारे, आणि दोघांनाही आमच्याकडून होकार हवा असतो. पारावर उभ्या उभ्या अशा प्रश्नाची वासलात लावता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहावयाचे योजिले आहे.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाने ही काळजी बोलून दाखविली आहे. कुळाचा नाश झाला तर पितरांना पिंड कोण देणार, पाणी कोण देणार, असा त्याचा आकांत आहे. भगवंतांनी या काळजीला सरळ उत्तर दिलेले नाही, हे ध्यानात घ्या. ते एकदम आत्म्यापासून सुरुवात करतात. पुढे नवव्या अध्यायात पितरांना भजणारे पितरांकडेच जातात असे सांगून ते त्या भजनाची हद्द आखून देतात. पण दहाव्यात विभूती सांगताना पितरांमध्ये अर्यमा तो मी, असेही सांगून टाकतात. म्हणजे काय झाले? पितरांपाशीच थांबलास तर चुकलास, आणि पितरांना टाकून पुढे आलास तर त्यांतला मी तुझ्या हातून निसटलो. दोन्ही गृहस्थांची पंचाईत!

महाभारताच्या आदिपर्वात जरत्कारू ऋषीची कथा आहे. हा मोठा तपस्वी, ऊर्ध्वरेता, घरदार नाही, जेथे सूर्य मावळेल तेथे मुक्काम. फिरता फिरता एका ठिकाणी त्याला एक खोल खड्डा दिसला, आणि त्या खड्ड्यात काही माणसे खाली डोके वर पाय अशी लोंबकळत होती. कशाच्या आधाराने? तर वाळ्याच्या गवताचा एक झुबका. त्याच्याही सगळ्या मुळ्या तुटल्या होत्या, एकच उरली होती, आणि ती एक उंदीर कुरतडीत बसला होता. जरत्कारूला दया आली. तो म्हणाला, "आपण कोण? माझ्या तपाचा चौथा भाग घ्या, अर्धा घ्या, सगळे घ्या, पण वर या." ते म्हणाले, "तप आमच्यापाशीही आहे, बाबा. त्याने हे काम होण्याजोगे नाही. आमच्या वंशात एकच करंटा उरला आहे, जरत्कारू त्याचे नाव. तुला कोठे भेटलाच तर त्याला सांग, तुझे पितर असे लटकले आहेत."

पाहा मौज. निरोप ज्याला द्यायचा, त्याच्याच हाती निरोप दिला! पितर मुलाला ओळखीत नाहीत, मूल पितरांना ओळखीत नाही, आणि मधे तो उंदीर आपला शांतपणे काम करतो आहे. तो उंदीर म्हणजे काळ, असे पितरांनीच सांगितले आहे. पुढे जरत्कारूने लग्न केले, आस्तिक झाला, त्याने जनमेजयाचे सर्पसत्र थांबविले, ती कथा सर्वांस ठाऊक आहे. सामान्यतः या आख्यानावरून पुत्रप्राप्तीचे माहात्म्य सांगतात. आम्हांस मात्र त्या शेवटच्या मुळीत दुसरेच काही दिसते. ती मुळी म्हणजे ओळख. श्राद्धात आपण बाप, आजा, पणजा या तिघांची नावे घेतो. आजच्या पोराला पणज्याचे नाव विचारा. तो बापाच्या तोंडाकडे पाहतो, आणि बाप आकाशाकडे. पणजीचे तर विचारूच नका. घरात मुले पाच आहेत, नातवंडे आहेत, वंश भरभरून वाढला आहे, आणि मुळी तुटलेली आहे.

ही मुळी राखणारे लोक आपल्या देशात होते, अजूनही आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पुष्कळांनी पाहिल्या असतील. गाव सांगा, आडनाव सांगा, की ते लांबट वही काढतात आणि तुमच्या आज्याने कोणत्या साली, कोणाच्या अस्थी घेऊन येथे स्नान केले ते मोडीतल्या दोन ओळींत पुढे ठेवतात. आपण खाली आपली, भावांची, मुलांची नावे घालायची, सही करायची. पुढल्या वेळी येणारा त्याच पानावर. अशी ती साखळी. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या बाजूला हेळवी म्हणून लोक सुगीनंतर दारात येतात. पूर्वी बैलावर बसून येत. कानडीत हेळव म्हणजे पांगळा. आपला आद्यपुरुष पांगळा होता म्हणून बैलावर बसे, असे ते सांगतात. घराण्याचा मूळपुरुष कोण, तो कोणत्या गावाहून आला, त्याचे पुत्र-पौत्र कोण, हे दारात उभे राहून घडाघडा म्हणतात, नव्या बाळाचे नाव वहीत घालतात आणि सुपातले धान्य घेऊन पुढल्या दाराला जातात. फार काय, अमेरिकेतल्या यूटा प्रांतात मोर्मन नावाचा ख्रिस्ती पंथ आहे. पूर्वजाचे नाव सापडल्यावाचून त्याच्याकरिता संस्कार करता येत नाही अशी त्यांची श्रद्धा, म्हणून त्यांनी जगभरच्या जन्ममृत्यूच्या नोंदींची सूक्ष्मचित्रे जमविली. त्यांत हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही आहेत. सात समुद्रांपलीकडच्या माणसाला हरिद्वारच्या वहीचे मोल कळले, आणि आमचे गृहस्थ माळ सपाट करायला निघाले आहेत! असो.

या वह्यांचे कौतुक करताना एक उणे मात्र सांगितले पाहिजे. पुष्कळ वह्यांत मुली नाहीत. सासरी गेली की पान बदलले, आणि सासरच्या पानावर ती अमक्याची कुटुंब म्हणून आली तर आली. आणि ज्यांना तीर्थावर येण्याची ऐपत नव्हती, ज्यांच्या दारात हेळवी थांबत नव्हता, ज्यांना क्षेत्राच्या देवळाची पायरीही चढू देत नव्हते, त्यांची नावे कोणत्या वहीत? हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे, तेव्हा तो येथेच ठेवून गावाकडे वळू.

आपल्या जुन्या व्यवहारात गावाचे दोन भाग. शेतीची जमीन ती काळी, आणि वस्तीची जमीन ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती मिसळून वस्तीची जमीन पांढुरकी होते, म्हणून पांढरी. जुन्या निवाड्यांत गावचे लोक एकत्र बसून साक्ष देत, त्या गावकऱ्यांनाही पांढरीच म्हणत. आमच्या वारकऱ्याच्या तोंडात पंढरी आणि पांढरी हे शब्द इतके जवळ बसतात, की बोलताना कधी कधी कोणती कोणती ते कळत नाही. भाषाकोविदांनी याचे काय करावयाचे ते करावे. आम्हांस एवढेच दिसते की एका पांढरीतून माणूस निघतो आणि दुसरीकडे चालतो.

ही पांढरी कोणी वसविली? चौदाव्या शतकाच्या अखेरीस दुर्गादेवीचा दुष्काळ सुरू झाला. बारा वर्षे पाऊस नव्हता म्हणून लोक अजून सांगतात. गावेच्या गावे ओस पडली. मग राज्यकर्त्यांनी कौल दिला, पहिली वर्षे सारा माफ, पुढे थोडा थोडा चढता, तेव्हा कोठून कोठून माणसे आली. बैलांची एक जोडी, बायको, एखादे पोर आणि डोक्यावर देव. पुढेही दुष्काळ, धामधुमी होत राहिल्या, गावे मोडली आणि पुन्हा वसली. असा जो पहिला आला, ज्याने बोरी-बाभळी तोडून पहिला नांगर घातला, तो त्या गावचा मूळपुरुष. त्याचे वंशज पुढे मिरासदार झाले, थळकरी झाले, आणि मागाहून आलेल्याला उपरी म्हणू लागले. पण मूळपुरुष ज्या दिवशी आला त्या दिवशी तोसुद्धा उपरीच होता की नाही? वंशावळीच्या झाडावर हे कोणी लिहीत नाही.

तो मेला तेव्हा त्याला कोठे ठेवले? कोणाला दहन, कोणाला मूठमाती. गोसावी, नाथपंथी, लिंगायत पुरतात. पुष्कळ जातींत पूर्वी पुरण्याचीच चाल होती, आणि लहान मूल तर सर्वांचेच पुरतात. ओढ्याकाठी, शिवेवर, बांधावर असे दगड दिसतात. कोठे नुसता चौथरा, कोठे त्यावर पादुका, कोठे शाळुंका. आणि जो गावासाठी लढून पडला त्याचा वीरगळ. वीरगळ पाहण्याचीही रीत असते, ती ठाऊक असावी. खालच्या कप्प्यापासून सुरुवात करायची. तेथे वीर पडलेला किंवा लढताना दाखवितात, शेजारी गाई असल्या तर गुरे वळवून नेणाऱ्यांशी लढला म्हणून समजावे. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या कप्प्यात तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला असतो. सर्वांत वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हे नाव राहो. आणि गंमत अशी की बहुतेक दगडांवर नावच कोरलेले नसते! चंद्रसूर्य राहिले, नाव गेले. मग कोणी शेंदूर लावला, कोणी म्हसोबा म्हणाले, कोणी वीरोबा म्हणाले, आणि ज्याला आजा म्हणायचे त्याला देव म्हणून नवस करू लागले.

आता आपल्या संप्रदायाचे पूर्वज कोठे निजले आहेत ते पाहा. गावचा मूळपुरुष शिवेवर असतो. संप्रदायाचा उंबऱ्यात असतो.

सावता महाराजांची समाधी अरणला, ज्या गावात त्यांनी मळा राबविला त्याच गावात. १२९५ साली, आषाढ वद्य चतुर्दशीला. मळा टाकून ते पंढरीला गेले नाहीत, म्हणून आषाढी झाल्यावर पांडुरंगाचीच पालखी अरणला जाते. आळंदीत हैबतबाबांची पायरी आहे. साताऱ्याकडच्या आरफळचे हे गृहस्थ शिंद्यांच्या पदरी सरदार होते. पुढे सर्व सोडून माउलींपाशी आले, आणि माउलींच्या पालखीला आजची शिस्त त्यांनी लावून दिली. कार्तिकातला आळंदीचा सोहळा सुरू होतो तो त्यांच्या पायरीच्या पूजनाने. आणि पंढरीत महाद्वारी नामदेवरायांची पायरी. शके १२७२, म्हणजे १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीला ते घरच्या मंडळींसह तेथे समाधिस्थ झाले असे परंपरा सांगते. पंजाबात घुमाणलाही त्यांचे स्मारक आहे आणि तेथील लोक नामदेवबाबा तेथेच देह ठेवते झाले म्हणतात. एवढ्या मोठ्या पुरुषाला दोन ठिकाणच्या लोकांनी आपल्या मातीत ठेवले तर त्यात भांडण कसले?

येथे थोडे थांबले पाहिजे. नामदेवरायांना पायरी का हवी होती? संतांची पायधूळ लागावी म्हणून. उंच चौथरा मागितला असता तर मिळाला नसता काय? त्यांनी मागितले ते हे, की येणाऱ्याने आपल्यावरून पुढे जावे, आपल्यापाशी अडू नये. आपण काय करतो? पायरीवर पाय ठेवीत नाही, डोके ठेवतो. हे लोकांचे प्रेम आहे, ते आम्ही मोडीत काढीत नाही. पण पूर्वजाची योग्य जागा कोणती याचे उत्तर त्या पायरीत आहे. वंशावळवाले गृहस्थ पूर्वजाला डोक्यावर घेतात, सभामंडपवाले त्याला उखडून टाकतात. पायरी दोन्ही करू देत नाही. ती असल्यावाचून आत जाता येत नाही, आणि तिच्यावर मुक्काम करता येत नाही.

आणि हीही गोष्ट लक्षात असू द्या, की अशा जागा राखल्यावाचून राहत नाहीत. प्रत्यक्ष माउलींची समाधी. १२९६ साली त्यांनी समाधी घेतली. त्यानंतर पावणेतीनशेंहून अधिक वर्षांनी एकनाथमहाराज आळंदीस आले. अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे ती येऊन काढ, असा त्यांना दृष्टान्त झाला होता. आले तो त्या जागी झाडी माजलेली. माउलींची जागा काट्याकुट्यांत हरपते, तर तुमच्या आमच्या आज्याची काय कथा! नाथांनी झाडी काढविली, समाधी मोकळी केली आणि १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आधी जागा साफ केली, मग ग्रंथ साफ केला. हा क्रम आम्हांस फार आवडतो.

हे सारे आम्हांस एके ठिकाणी सांगण्याचा प्रसंग आला तो येथे लिहितो, कारण तेथे जे ऐकले ते या विषयाला सोडून नाही. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या पाण्यात इंदापूर, करमाळा या भागांतली कित्येक गावे गेली. तुकोबारायांची पालखी इंदापूरहून जाते तेव्हा पाणी फार दूर नसते. पळसदेवचे जुने पळसनाथाचे देऊळ त्याच पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले म्हणजे ते वर येते आणि लोक चिखल तुडवीत दर्शनाला जातात. गावे उठली तेव्हा लोकांनी दारांच्या चौकटी काढून आणल्या, पत्रे आणले, देव आणले. पितर आणता आले नाहीत. भगीरथाने साठ हजार पितरांच्या राखेवर पाणी आणण्यासाठी जन्म घालविला. येथे पाटबंधारे खात्याने ते काम परस्पर केले, फक्त पितरांना विचारले नाही. या पाण्यावर किती ऊस उभा राहिला, किती तालुक्यांची तहान भागली हे आम्ही जाणतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण जे गेले ते गेले म्हणायला नको काय?

तर अशाच एका उठून वसलेल्या गावी वैशाखात सप्ताहाला गेलो होतो. गावाचे नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटलेले नाही. त्या साली पाणी फार खाली गेले होते. जुन्या गावाची जोती उघडी पडली, भेगाळलेल्या गाळात जात्याची तळी, उखळे दिसू लागली. आणि ओढ्याच्या तोंडाशी एक वीरगळ उभाच्या उभा सापडला. तीन कप्पे, खाली दोन गाई. झाले! थोरली भावकी म्हणाली, हा आमचा मूळपुरुष. धाकटी म्हणाली, आमचा. एका बाजूने ट्रॅक्टर आणि साखळदंड आणला, दुसरी बाजू आडवी झोपली. पंगती वेगळ्या बसू लागल्या. आम्हांस म्हणाले, महाराज, तुम्ही चला आणि काय तो निवाडा सांगा.

गेलो. दगडाभोवती शंभरेक माणूस जमले होते. आम्ही दगड पाहिला. त्यावर नाव नव्हते. हे आम्ही सांगताच दोन्ही भावक्या एकदम गप्प झाल्या, पण पटले कोणालाच नाही. तेव्हा गर्दीच्या कडेला उभा असलेला एक म्हातारा पुढे आला. पंचाऐंशीच्या पुढचा असावा. त्यांचे घराणे १९५६ नंतर बौद्ध झालेले. सप्ताहाला ते बसत नाहीत, पण पात्र उघडे पडले म्हणून गाव बघायला आले होते. ते म्हणाले, "म्हाराज, ह्यांच्या दगडाला नाव तरी न्हाई, पर दगड हाय. आमची मानसं वड्याच्या पल्याड पुरली, तिथं दगडबी न्हाई. माजी आय तिथंच हाय. मी सा वर्साचा व्हतो. कुठं ते आता मलाबी गावंना."

त्या रात्री आम्ही नेमलेला विषय बाजूला ठेवला आणि दोन कथा लावल्या. पहिली नाथांच्या घरच्या श्राद्धाची. पितृतिथीचा स्वयंपाक झाला, वास सुटला, वाटेने जाणारी महारांची मंडळी, बायकामुले थबकली. नाथांनी आणि गिरिजाबाईंनी ते पितरांचे अन्न त्यांना पोटभर वाढले. ब्राह्मण रुसले, पुन्हा केलेल्या स्वयंपाकाला येईनात. तेव्हा पितर स्वतःच पानांवर येऊन बसले, असे महीपतिबुवा सांगतात. पितर कोणाच्या पंगतीला येतात याचा यापेक्षा स्पष्ट दाखला आम्हांस ठाऊक नाही.

दुसरी चोखोबारायांची. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालले होते, वेठीला माणसे धरली होती. कूस ढासळले आणि खाली माणसे गाडली गेली. चोखोबा त्यांत होते. नामदेवराय पंढरीहून आले. हाडांचा ढीग. यांतली चोखोबांची कोणती? ते एकेक हाड उचलून कानाशी लावू लागले, ज्यांतून विठ्ठल नाम ऐकू आले ती उपरण्यात बांधली आणि महाद्वारी आणून समाधी दिली. १३३८ साल, वैशाख वद्य पंचमी. पुढे बरोबर एक तप गेले आणि त्याच दारात, चोखोबांच्या समोर, नामदेवराय स्वतः पायरी होऊन निजले. शिंप्याने महाराची हाडे उचलली एवढेच सांगून आपण थांबतो. त्याच्या शेजारी निजायला जागाही त्याने तीच निवडली, हे सांगायला हवे. आणि ज्या देवळाच्या दारात चोखोबा निजले, ते दार त्यांच्या लोकांना उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. ६०९ वर्षे.

कथा संपवून आम्ही खाली आलो. म्हातारबुवा मांडवाच्या बाहेर बसून ऐकत होते. म्हणाले, "चोख्याची हाडं बोलली म्हनून नामदेवानं वळखली. बाकीची बोलली न्हाईत, त्येंचं काय क्येलं?"

सज्जनहो, ही कथा आम्ही चाळीस वर्षे सांगत आलो. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्या ढिगाऱ्यात चोखोबा एकटे नव्हते, हे तर कथाच सांगते. बाकीची हाडे कोणाची, त्यांची नावे काय, त्यांना माती कोणी दिली, याबद्दल परंपरा मुकी आहे. आम्ही व्याकरण शिकलो, न्याय शिकलो, वेदान्त शिकलो. त्या मांडवाबाहेर यांतले काहीही उपयोगी पडले नाही. आम्ही त्यांच्याजवळ खाली बसलो आणि विचारले, "आईचे नाव काय?"

त्यांनी सांगितले. गावचे एक तरुण शिक्षक, थोरल्या भावकीतले, टाळकरी, तेथेच उभे होते. त्यांच्या हातात भजनाच्या नोंदीची वही होती. त्यांनी शेवटचे पान उलटून ते नाव लिहिले आणि विचारले, "आणखी कोण कोण होतं तिकडं?" म्हातारबुवा आठवून आठवून सांगू लागले. मग धाकट्या भावकीतली एक आजी येऊन बसली, तिने आपल्या दोन नणंदांची नावे घातली. एक विहिरीत गेलेली होती, तिचे नाव घरात कोणी काढीत नसत. ती म्हणाली, "ल्ह्या. आता मी म्हातारी झाले, मला कोन काय करतंय." रात्री दीड वाजेपर्यंत ते चालले होते.

ती वही आम्ही पुढच्या साली पाहिली. तिला झाड नाही, फांद्या नाहीत. ज्याला जसे आठवले तसे नाव, कोणाच्या पाठीमागे कोणीही. पाटलाच्या आज्याखाली मांगवाड्यातली सुईण, तिच्याखाली कोणाचा तरी उपरी आलेला गडी. दोन ठिकाणी नुसते लिहिले आहे, एक मूल, गोवराने गेले, नाव ठेवले नव्हते. वंशावळीचे गृहस्थ म्हणतील की हिला शास्त्र नाही. सभामंडपवाले म्हणतील की हिचा उपयोग काय. आमच्याकडे दोघांनाही द्यायला एवढीच वही आहे, आणि तीही आमची नव्हे.

वीरगळाचा निवाडा झाला नाही. थोरल्या भावकीचे म्हणणे अजून तेच, धाकटीचेही तेच, आणि काल्याच्या दिवशी पंगती अजून दोन बसतात. त्या साली पाऊस उशिरा आला, पण आला. पाणी चढत चढत गाईंच्या कप्प्यापर्यंत गेले, मग अप्सरांच्या, मग चंद्रसूर्यांच्या, आणि दगड बुडाला. ट्रॅक्टर परत गेला. आषाढीपूर्वी धरणातून नदीत पाणी सोडतात. ते भीमेने खाली येते, पंढरीशी वळून चंद्रभागा होते, आणि वारकरी त्यात बुडी मारून ओल्या अंगाने महाद्वाराकडे, पायरीकडे चालू लागतात.